बातमीची शाळा : लाहोर, नागपूर, पुणे

बी.जे. म्हणजे पत्रकारितेची पदवी घ्यायला आधी पदवीधर असावं लागायचं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली, क्वचित वकिलीची सनद घेतलेली माणसं पुणे विद्यापीठाच्या त्या एका वर्षाच्या वर्गात दाखल व्हायची आणि वर्षाअखेरीला पुन्हा एकदा ‘बॅचलर’ होऊन बाहेर पडायची. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा मी साताऱ्याहून या वर्गात आले. वडिलांना ही पायरी काही केल्या पटेना. एवढं शिकलीस तर आता वरची पदवी घे, पुन्हा खालची कशाला, हे त्यांचं म्हणणं. तेव्हा मला त्यांना नीट सांगता आलं नाही. पुढे उमेदीची सगळी वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर घालवली, अधूनमधून तासिका तत्त्वावर शिकवलंही, आणि आज मी ते ठामपणे सांगू शकते : पत्रकारिता हा दुसरा अभ्यास आहे. पहिला कुठला तरी पुरा करून मगच याच्याकडे वळावं. आपल्याकडे हा विषय विद्यापीठात आला तो याच समजुतीने आला आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती समजूतच आपण सैल सोडली आहे, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

विद्यापीठाच्या आधी बातमीची शाळा म्हणजे छापखानाच होता. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यांच्यापुढे कित्ता म्हणून इंग्रजी पत्रं होती, मराठीत काहीच नव्हतं. 1881 साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले ते न्यू इंग्लिश स्कूल चालवणाऱ्या शिक्षकांच्या हातून. आगरकर, टिळक वर्गावर शिकवत आणि उरलेल्या वेळात अग्रलेख लिहीत. पत्र म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठ्या माणसांचा वर्ग. नवा माणूस यायचा तो आधी मुद्रितं तपासायला बसायचा, मग इंग्रजी पत्रांतला मजकूर मराठीत उतरवायचा, आणि संपादकाची मर्जी बसली तर स्फुट लिहायचा. बातमी मिळवून आणणं हे या सगळ्यात खालचं काम मानलं जाई. अच्युतराव कोल्हटकरांनी 1915 मध्ये ‘संदेश’ काढून मथळा, सदर, चुरचुरीत मजकूर यांना मान मिळवून दिला, तरी शिकण्याची रीत बदलली नाही. ज्याच्या शेजारी बसायला मिळालं त्याचं बघून शिकायचं. शेजारी चांगला मिळाला तर नशीब.

याच काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पुलित्झरच्या देणगीतून पत्रकारितेची शाळा 1912 मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात पोचले. काही वर्षांनी नानासाहेब परुळेकर तिथेच गेले आणि डॉक्टरेट घेऊन आले. दोघांनीही पत्रकारितेची शाळा बाजूला ठेवून दुसरेच विषय घेतले. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र घेतलं, राज्यकारभार आणि समाजरचना अभ्यासली. आणि मराठी पत्रकारितेला वळण देणारी पत्रं याच दोघांनी काढली : बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ आणि 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, परुळेकरांनी 1932 साली ‘सकाळ’. परुळेकरांनी अमेरिकेतली वृत्तपत्रं डोळसपणे पाहिली होती. गावोगावी बातमीदार नेमून पुण्याच्या दैनिकात तालुक्याची बातमी आणायची, ही दृष्टी त्यांनी तिकडून आणली. पण त्याखालची बैठक दुसऱ्या अभ्यासाने घातलेली होती. पुढे कोलंबियाच्या त्या शाळेनेही 1935 पासून फक्त पदवीधरांनाच घ्यायचं ठरवलं.

आपल्या देशात वर्ग सुरू करायची पहिली धडपड अ‍ॅनी बेझंट यांनी 1920 मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला केली. ‘न्यू इंडिया’ हे दैनिक त्यांच्या हाताशी होतं, तेव्हा मुलांना हात चालवायला जागाही होती. 1938 मध्ये अलिगढला एक पदविका निघाली, पण दोनेक वर्षांतच बंद पडली. टिकलं ते लाहोरचं. 1941 मध्ये पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी वर्ग उभा केला. ते अमेरिकेतल्या मिसूरीच्या शाळेत शिकून आले होते. 1908 पासून चालत आलेली ती शाळा म्हणजे या धंद्यातलं पहिलं गुरुकुल. लाहोरचा वर्ग स्थिरावतो न स्थिरावतो तोच फाळणी झाली. विभाग उठून दिल्लीला आला आणि 1962 मध्ये चंदीगडला जाऊन एकदाचा टेकला. आपल्याकडच्या विद्यापीठीय पत्रकारितेचा सर्वांत जुना सलग विभाग निर्वासित होऊन जगला आहे, हे आमच्या अभ्यासक्रमात मोठ्या अक्षरांत असायला हवं.

महाराष्ट्राच्या आजच्या नकाशावर पहिला मान नागपूरचा. हिस्लॉप कॉलेज मिशनऱ्यांचं, आणि नाव ज्या स्टीफन हिस्लॉपवरून पडलं तो माणूस धर्मोपदेशक असून विदर्भातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा जाणकार होता. 1952-53 मध्ये इथे पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला. तो लावून द्यायला अमेरिकेच्या सिरॅक्यूज विद्यापीठातले रोलंड वूल्सली आले होते. पुढे के. ई. ईपन यांच्यासारख्या अभ्यासकाने तो सांभाळला. वूल्सलींनी भारतीय पत्रकारांकडून लेख मिळवून भारतातल्या पत्रकारितेवर एक पुस्तक संपादित केलं, ते 1953 चं. नागपूरच का, याचं उत्तर सोपं आहे. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. विधानसभा, उच्च न्यायालय, सचिवालय सगळं गावात. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने 1911 मध्ये सुरू केलेला ‘हितवाद’ तिथे होता, मराठी-हिंदी पत्रं होती. वर्गातून उठून सायकलवर टांग टाकली की मुलगा सभागृहाच्या दारात. शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली?

इतकं होऊनही घरोघरच्या आईवडिलांना हा धंदा नोकरी वाटत नव्हता. तो वाटायला लागला त्यामागे एका मराठी न्यायमूर्तींचा हात आहे. 1952 मध्ये केंद्र सरकारने पहिला वृत्तपत्र आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष न्या. ग. स. राजाध्यक्ष. अहवाल 1954 चा. त्यापाठोपाठ 1955 मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. रजा, ग्रॅच्युइटी, वेतन मंडळ आणि चार आठवड्यांत 144 तासांहून जास्त काम नाही हा दंडक, असं सगळं त्यात होतं. डेस्कवरची माणसं हा 144 चा आकडा पाठ म्हणायची. तोवर संपादक म्हणजे देशकार्य करणारा आणि उपसंपादक म्हणजे त्याच्या पायाशी अर्धपोटी राबणारा, अशीच समजूत होती. पगाराची श्रेणी ठरली आणि मग शिक्षणाला अर्थ आला. ध्येयवाद ओसरल्यावर पदव्या आल्या, असं म्हणणारे जुने लोक मी पुष्कळ ऐकले. मला ते मान्य नाही. घरभाडं भरू शकणारा उपसंपादक मालकाला नाही म्हणू शकतो. राजाध्यक्ष आयोगाने मराठी पत्रकारितेला दिलेली ही देणगी कुठल्याही संपादकाच्या लेखणीपेक्षा लहान नाही.

पुण्यात 1964 मध्ये वर्ग उघडला तो या पार्श्वभूमीवर. जागा मिळाली फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटची. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ उद्योग आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी गोखले प्रभृतींनी उभारलेली ही संस्था, पुढे विद्यापीठाकडे आली. त्याच आवारात परकीय भाषांचे वर्ग भरत. जर्मन-फ्रेंच शिकणारी मुलं आणि आम्ही एकाच कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचो, आणि शहरात कुणालाही ‘रानडे’ म्हटलं की पत्रकारिताच कळायची. सुरुवातीच्या काळात डॉ. ल. ना. गोखले यांनी विभागाची घडी बसवली. विद्यापीठाचं मुख्य आवार गणेशखिंडीत, शहरापासून दूर. विभाग मात्र गावात होता. महापालिका, शिवाजीनगरचं कोर्ट, ससून रुग्णालय, शनिवार-बुधवार पेठेतल्या दैनिकांच्या कचेऱ्या, सगळं पायी. शिकवायला येणारे निम्मे लोक दैनिकांत नोकरी करणारे. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आत तास घ्यायचा आणि तडक कचेरी गाठायची. त्यांच्या बोटांना शाई लागलेली असे, ही नुसती बोलायची गोष्ट नाही. मुद्रितं अजून ओली यायची.

कायद्याचा तास आमचे सर वेगळ्याच ठिकाणाहून सुरू करत. दैनिकाचा अंक हातात द्यायचे आणि म्हणायचे, शेवटच्या पानावरची सगळ्यांत खालची ओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण, कुठल्या पत्त्यावर छापलं, त्या बारीक टायपातल्या मजकुरावर आमची नजर त्याआधी कधी गेलीच नव्हती. ही ओळ तेव्हा तिथे का असायची? 1867 च्या कायद्यामुळे. छापलेल्या प्रत्येक शब्दाला जबाबदार माणूस सरकारला सापडला पाहिजे म्हणून इंग्रजांनी केलेला तो कायदा. मग सर त्या ओळीला धरून 1882 च्या कोल्हापूर प्रकरणात आगरकर-टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या 101 दिवसांपर्यंत आणि तिथून टिळकांवरच्या 1897 आणि 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यांपर्यंत यायचे. बेअब्रू, न्यायालयाचा अवमान, 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा, सगळं त्या एका ओळीला टांगलेलं. आमच्यात एक वकील होता. तो मध्येच उभा राहून कलमाचा नेमका अर्थ सांगायचा आणि सर त्याला बोलू द्यायचे. अजूनही कुठलंही वृत्तपत्र हातात आलं की मी आधी ती ओळ बघते.

बातमीच्या तासाला काम असायचं बाहेर. पानशेतचं धरण फुटून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. 12 जुलै 1961 ची आठवण नदीकाठच्या पेठांत दर घरी होती. प्रत्येकाने एक पूरग्रस्त घर गाठायचं आणि दोनशे शब्द लिहून आणायचे. मी नारायण पेठेतल्या एका आजींकडे गेले. त्यांनी मनापासून सांगितलं आणि मीही मनापासून लिहिलं : हाहाकार, काळाचा घाला, संसार वाहून गेले. सरांनी कागद परत दिला. समासात एकच प्रश्न होता, ‘पाणी उंबऱ्याला किती वाजता लागलं?’ आजींकडे घड्याळ नव्हतं. पुन्हा गेले. “आजी, तेव्हा शेगडीवर काय होतं हो?” असं विचारल्यावर त्या बोलू लागल्या. डाळ शिजली होती, भात वैरायचा होता, शाळेत गेलेला नातू अर्ध्या वाटेतून परत आला होता, समोरच्या वाड्यातले दामले— नाव मी बदलते आहे— कचेरीला निघालेले माघारी फिरले होते. या तिन्ही गोष्टी जुळवल्या आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत बसली. दुसऱ्या खेपेच्या मजकुरात हाहाकार हा शब्द नव्हता आणि पूर मात्र होता. मुलाखत घेणं म्हणजे काय ते मी त्या स्वयंपाकघरात शिकले, आणि पुढे डेस्कवर आलेल्या प्रत्येक अपघाताच्या बातमीत मी हाच प्रश्न शोधत राहिले.

भाषांतराचा पेपर सर्वांत कठीण. कारण उघड होतं. वृत्तसंस्थांचा मजकूर टेलिप्रिंटरवर इंग्रजीतून यायचा आणि मराठी दैनिकाचं पहिलं पान म्हणजे रात्रीतून केलेलं भाषांतर असायचं. 1948 मध्ये शिवराम शंकर ऊर्फ दादासाहेब आपट्यांनी ‘हिंदुस्थान समाचार’ काढून देशी भाषांतून बातम्या पुरवायचा मोठा खटाटोप केला होता, तरी डेस्कचा दिवस इंग्रजी तारांनीच उजाडायचा. इथे आमच्या वर्गाची खरी ताकद दिसे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आलेला एक वर्गमित्र होता. एकदा साखर कारखान्याच्या बातमीत कुणीतरी साखरेचा उतारा एकवीस टक्के लिहिला. वाक्यरचना निर्दोष, मथळाही बरा. तो शांतपणे म्हणाला, “असा ऊस अजून जन्माला आलेला नाही. अकरा-बारा आला तरी चेअरमन पेढे वाटतो.” रसायनशास्त्राची मुलगी कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी वेगळी वाचायची, वाणिज्यवाला महापालिकेचं अंदाजपत्रक घेऊन बसला की आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं करायचो. शिक्षक शिकवायचे त्यापेक्षा या माणसांकडून मी जास्त शिकले. एकाच वयाची, एकाच वाटेने आलेली, बारावीपासून ‘मीडिया’च करणारी चाळीस मुलं एकत्र बसवली, तर हे एकमेकांना शिकवणं कुठून होणार?

मुलींसाठी या वर्गाने काय केलं हेही नोंदवलं पाहिजे. तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 1912 पर्यंत ‘दीनबंधु’चं संपादन केलं. इतक्या लवकर एक मराठी बाई सत्यशोधक चळवळीच्या पत्राची संपादक होती, तरीही पुढे कित्येक दशकं दैनिकांत बायकांसाठी फक्त पाककृती आणि विणकामाचं पान राखीव होतं. पदवी हातात असली की निदान दार ठोठावता यायचं. मी ज्या दैनिकात लागले तिथे रात्रपाळी मागितल्यावर घरी कसं जाणार, सोबत कोण, असे प्रश्न आधी आले, आणि बराच काळ मला दुपारचीच पाळी मिळाली. डाक आवृत्ती लावल्याशिवाय, शहर आवृत्ती सोडल्याशिवाय मुख्य उपसंपादक होता येत नाही. रात्रपाळी नाही म्हणजे बढती नाही, हे सरळ गणित होतं. रात्रपाळी मिळाली तेव्हा मी जुळाऱ्यांच्या खोलीत रोज अर्धा तास जाऊन उभी राहायची. देवनागरीचे खिळे, काने, मात्रा, जोडाक्षरांचे शेकडो कप्पे आणि त्यांच्यावर न बघता फिरणारा हात. ओळ बसत नसली की जुळारी सांगायचा, “बाई, एक शब्द काढा.” कुठला काढायचा हे ठरवणं हेच माझं संपादनाचं शिक्षण. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ 1984 मध्ये आला, त्यात संपादक सगळे भेटले. जुळाऱ्यांचा इतिहास मात्र कुणीतरी अजून लिहायला हवा.

पुढचं भराभर घडलं. खिळे गेले, फोटोटाइपसेटिंग आलं, ब्रोमाइड कापून पानं चिकटवायला लागलो, मग तेही संगणकाने घालवलं. रानडेत बी.जे.चं बी.सी.जे. झालं, वर एम.सी.जे. आलं, नंतर दोन वर्षांचा एकसंध पदव्युत्तर अभ्यासक्रम. संज्ञापनाचे सिद्धान्त, संशोधनपद्धती, दूरचित्रवाणी, जनसंपर्क, जाहिरात यांची भर पडली. नव्वदीच्या अखेरीला मुंबई विद्यापीठाने बी.एम.एम. ही माध्यमांची पदवी सुरू केली आणि बारावीनंतर थेट माध्यमशिक्षणाची वाट मोकळी झाली. या पदव्यांतून हुशार मुलं बाहेर पडली, हे मी स्वतः बघितलं आहे. कॅमेरा, संकलन, मांडणी यांत ती आमच्या कितीतरी पुढे आहेत. पण पाटबंधाऱ्याची बातमी आली की त्यांना टीएमसी म्हणजे किती पाणी हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचा यात काही दोष नाही. दुसरं काही शिकायला आपण त्यांना वेळच दिला नाही.

2021 मध्ये रानडेतला विभाग गणेशखिंडीच्या आवारात हलवून तिथल्या माध्यम विभागात मिळवायचं ठरलं, तेव्हा माजी विद्यार्थी उभे राहिले आणि अखेर सरकारने त्याला स्थगिती दिली. वर्तमानपत्रांत ती भावनेची लढाई म्हणून आली. भावना होतीच. पण माझ्यासाठी मुद्दा अंतराचा होता. कोर्टात चालत जाता येणारा वर्ग आणि बस पकडून जावं लागणारा वर्ग यांतून वेगवेगळे बातमीदार घडतात. नागपूरला राजधानीत, पुण्याला गावाच्या मध्यात हे वर्ग ज्यांनी बसवले त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठेवा, सिद्धान्तही शिकवा. मात्र प्रवेशाच्या वेळी अर्थशास्त्र, शेतकी, कायदा, विज्ञान, इतिहास अशा निरनिराळ्या वाटांनी आलेल्यांसाठी जागा राखा, आणि एक सत्र पुरतं महापालिका, जिल्हा परिषद आणि दिवाणी न्यायालय यांना द्या. मराठीतून शिकणाऱ्या मुलांचं त्यात सर्वांत भलं आहे, कारण तालुक्याची बातमी शेवटी तीच देणार आहेत.

आणखी एक काम राहिलं आहे. दरवर्षी प्रत्येक तुकडी प्रायोगिक अंक काढायची. बातम्या स्वतः आणलेल्या, मथळे स्वतः दिलेले, पानं स्वतः लावलेली, छपाईचे पैसे जाहिराती गोळा करून भरलेले. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी संपादकांची पहिली छापील बातमी त्या चार पानांत आहे, आणि पुणे शहराचे त्या त्या वर्षीचे रस्ते, पाणीकपात, वसतिगृहं, रॉकेलच्या रांगाही. असे अंक माझ्याकडे थोडे आहेत. सातारा, नगर, सोलापूर, रत्नागिरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या माळ्यांवर नक्कीच आणखी असतील. नागपूरच्या हिस्लॉपमधून बाहेर पडलेल्यांकडेही असतील. त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्यावेत, आणि देताना तुकडीचं वर्ष आणि सोबत्यांची नावं पहिल्या पानावर लिहावीत.